धुरजड नाव

सगळ्यात आधी त्या भोईणमावशीचं सांगते, मग काय झालं ते. पैनगंगेच्या एका डोहात, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती जाळ्यात अडकलेला पाला काढत होती. हातातलं काम सोडून तिनं आमच्याकडे पाहिलं, म्हणून मी आज इतक्या दूर, गोदावरीच्या काठी बसून हे लिहिते आहे. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं हे दोन दिवसांनी ध्यानात आलं, तोवर नदीनं आम्हाला बरंच खाली आणलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली. लिहिताना कुठे काय चुकेल याची धास्ती असते, म्हणून तिचं आधी लिहून टाकलं. आता बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचा तांडा ढाणकीच्या बाजूचा. माझे मालक भाड्यानं बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकायचे. लोकांचा कापूस भरायचा आणि बाजारात नेऊन टाकायचा, हेच त्यांचं काम, आणि त्यातच त्यांचं नाव. पण बोंडं अळीनं खाल्ली, उरलेल्या कापसाला कोणी धड विचारेना, आणि मग बंडी घेऊन ये असं सांगणारंही कोणी राहिलं नाही. दोन वर्षं बैल नुसते दावणीला उभे. मालक सकाळी उठून त्यांची पाठ चोळायचे, बंडीच्या चाकाला वंगण द्यायचे, आणि कुठेच जायचे नाहीत.

अशात माझ्या नणंदेच्या मालकांचा निरोप आला. ते आधीपासून गोदावरीच्या काठी राहायचे. त्यांच्या गावाजवळ माणसं नदी पार करतात, त्या उताऱ्यावरची नाव फुटली होती. जो कोणी आपली नाव घेऊन येईल आणि बाईमाणसासकट तिथे राहील, त्याला माणसं ने-आण करायचं ते काम मिळणार होतं. संक्रांतीपर्यंत ते जागा धरून ठेवणार होते. नाव मात्र आपली पाहिजे.

मालकांनी काय करावं? नदीकाठच्या एका भोयाला शेती करायची होती, त्याला बैल पाहिजे होते. त्याला आपले बैल बंडीसकट दिले आणि त्याची नाव घेतली. तांड्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या जुन्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरलेल्या, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पाण्यावरून कोणी गेल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. एक म्हातारे मालकांना म्हणाले, "बैल देऊन लाकूड आणलं बाप्पा यानं. आता त्याले कडबा नको टाकू म्हणजे झालं."

मला पाण्याची भीती. विहिरीत वाकून पाहायचं म्हटलं तरी मी दोन पावलं मागे सरायचे. पण नावेला दोन माणसं लागतात. एक पुढे बांबू घेऊन आणि एक मागे वल्हं धरून. मी नाही म्हटलं असतं तर बैलही गेले आणि कामही गेलं असं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर, भीतीच्या आत मला एक खाजही होती. ही नदी आमच्या बाजूनं जाते, पण जाते कुठे? शाळेच्या नकाशात ती एका रेघेएवढी होती. ती रेघ पुढे दुसऱ्या रेघेत घुसते, ती तिसऱ्या, असं बाईंनी बोट फिरवून दाखवलं होतं, तेवढ्यात घंटा झाली होती. बोट कुठे थांबलं ते पाहायचं राहून गेलं ते गेलंच.

मी मालकांना एक अट घातली. पांढरकवड्याकडून आदिलाबादला जाणारा मोठा रस्ता जिथे नदी ओलांडतो, त्या पुलापर्यंत मी येईन. तोपर्यंत नाव सरळ चालायला लागली तर पुढे. नाही तर पुलावरून मी यष्टी धरणार आणि याडीकडे, म्हणजे माझ्या आईकडे जाणार. ते लगेच हो म्हणाले. मला ते लगेच हो म्हणणं आवडलं नाही.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सहस्रकुंडाचा धबधबा नावेनं उतरता येत नाही, म्हणून नाव बंडीवर घालून धबधब्याच्या बरंच खाली नेली. बंडी दुसऱ्याची, बैलही दुसऱ्याचे. नाव पाण्यात सोडल्यावर मालकांनी सामान भरलं. ज्वारीची दोन पोती, जातं, भांड्यांचं पोतं, अंथरुणं, माझी पत्र्याची पेटी. भरून झाल्यावर ते दोन पावलं मागे सरले आणि मान तिरपी करून पाहिलं, जसे बंडी भरल्यावर पाहायचे तसे. त्यांची भरलेली बंडी कधी वाटेत थांबली नाही, असं सगळे म्हणायचे. मीही निश्चिंत झाले.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली, ती आधी सांगते. मागचं वल्हं माझ्या हातात. मालक म्हणाले, उजवीकडे घे. मी वल्ह्याचा दांडा उजवीकडे ओढला. लहानपणापासून बंडीवर बसलेली मी. उजवा कासरा ओढला की बैल उजवीकडे वळतात, हे हाताला माहीत. नाव डावीकडे गेली. मी आणखी जोरानं उजवीकडे ओढलं, ती आणखी डावीकडे जाऊन बेशरमीच्या झुडपात घुसली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी विचार केला, की हा दांडा कासरा नाही, हे शेपूट आहे. शेपूट इकडे गेलं तर तोंड तिकडे जाणार. तेव्हापासून ती चूक झाली नाही, आणि आपण एक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं शिकलो याचा दिवसभर आनंद होता.

पण नाव तरी सरळ चालेना. मी वल्हं कसंही धरलं तरी ती थोडा वेळ नीट जायची, मग पुढचं तोंड पाण्यात दाबल्यासारखं व्हायचं आणि मागची बाजू अलगद फिरून पुढे यायची. वल्हं सरळ आणि नाव आडवी. असं का होतं ते दोघांनाही कळत नव्हतं. मालकांना वाटायचं माझ्या हातात बळ नाही. मला वाटायचं भोयानं वाकडी नाव देऊन चांगले बैल नेले. हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवायचो नाही, पण जेवताना दोघंही गप्प असायचो.

दिवसभर मात्र पाहायला इतकं काही असायचं की गप्प राहणं जड जायचं. रस्त्यावरून जाताना आपण गावाचं तोंड पाहतो. नदीवरून गावाची पाठ दिसते. कोणाचं परसू, कोणाच्या गाई पाणी पिताहेत, कोणी धुणं आपटत घरातलं भांडण मोठ्यानं सांगते आहे. डाव्या हाताला आमचा जिल्हा, उजव्या हाताला दुसरा. एकाच पाण्यात दोन्हीकडच्या म्हशी बसलेल्या. मी मालकांना विचारलं, मधल्या म्हशी कोणत्या जिल्ह्यात धरायच्या? ते म्हणाले, दूध काढायला जिकडे जातात तिकडे. हे त्यांनी इतकं सरळ तोंडानं सांगितलं की मी वल्हं सोडून हसले, आणि नाव पुन्हा आडवी झाली.

चौथ्या दिवशी आम्ही एका गावासमोरून चक्क उलटे गेलो. म्हणजे मी पुढे, मालक मागे. धुणं धुणाऱ्या बायकांतली एक ओरडून म्हणाली, "का व बाई, चालल्या का वापस येऊन राह्यल्या?" बाकीच्या इतक्या हसल्या की एकीचं धुणं वाहून चाललं. मालकांनी त्या दिवसभर काठाकडे मान केली नाही. मी मनात पुलापर्यंतचे दिवस मोजत होते. मला जायचं होतं की नाही तेच कळत नव्हतं, पण मोजत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोह आला आणि ती मावशी दिसली. वय साठीच्या पुढचं असेल, हात काळे आणि सुरकुतलेले, कपाळावर पाणी. आमची नाव तिच्या समोर येऊन हळूच फिरली आणि आडवी उभी राहिली. मला वाटलं आता हीही हसणार. ती हसली नाही. जाळं तिनं एका दगडावर ठेवलं, नावेजवळ आली, पुढच्या फळीला हात लावला, मग मागच्या फळीला. मग मालकांना विचारलं, समोर काय काय भरलं आहे.

मालकांनी सांगितलं. पोती समोर, जातं समोर, भांडी समोर. मागे फक्त अंथरुणं आणि पेटी.

"कायले समोर?"

मालकांना बोलायला एकदम हुरूप आला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कामाचं कोणी विचारलं होतं. त्यांनी मावशीला नीट समजावून सांगितलं, की बंडी भरताना भार समोर थोडा जास्त ठेवावा लागतो. त्याला आम्ही धुरजड म्हणतो. समोर भार असला की जू बैलांच्या खांद्यावर नीट बसतं. भार मागे गेला तर बंडी उलार होते, समोरून उचलते, आणि जूच्या पट्ट्यानं, म्हणजे जुंपणीनं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. कापसाच्या बंडीत हे फार सांभाळावं लागतं. आजवर आपली एकही बंडी उलार झाली नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग नावेच्या पुढे पाहिलं, डोहाच्या पाण्याकडे, आणि म्हणाली,

"अन बैल कुठी हायेत तुये?"

मालकांनी समोर पाण्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"समोर बैल असते तवा भार समोर, पोरा. इथं समोर नुसतं पाणी हाय. त्याले खांदा नाही."

मी आजवर खूप जणांना ही गोष्ट सांगितली, आणि लोक इथे हसतात. तेव्हा मला हसू आलं नाही. मला मालकांचं तोंड दिसत होतं. बैल गेल्यापासून त्यांनी एकदाही त्यांचं नाव काढलं नव्हतं, आणि त्या बाईनं सहज विचारून टाकलं, जसं कोणी विचारावं चपला कुठे ठेवल्या. ते खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि जातं उचललं.

मावशीनं सगळं सामान रेतीवर काढायला लावलं. आधी मला एकटीला रिकाम्या नावेत बसवून वल्हं मारायला लावलं. नाव सशासारखी इकडेतिकडे पळाली, पण फिरली नाही. मग जातं मधोमध पण जरा मागच्या अंगाला, पोती त्याच्या बाजूला दोन्हीकडे सारखी, पेटी माझ्या पायाशी. समोर फक्त मालक आणि त्यांचा बांबू. नावेचं तोंड पाण्याच्या वर बोटभर उचललेलं. मालक ते पाहून कासावीस झाले. इतक्या वर्षांच्या नजरेला ती उलार झालेली बंडी होती. त्यांनी दोनदा तरी म्हटलं, "मावशी, उलार दिसून राह्यली ना." तिनं दोन्ही वेळा एकच सांगितलं, दिसू दे.

ती आमच्यासोबत नावेत बसून डोहाच्या टोकापर्यंत आली. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, दांडा दाबू नको, नुसता धरून राहा, नाव काय सांगते ते आधी ऐक. नाव सरळ गेली. मला वाटलं हे तिच्या हातामुळे. तिनं हात काढला, तरी गेली. मी मागे वळून पाहिलं तर पाण्यावर आमची एक रेघ उमटली होती, बंडीच्या चाकोरीसारखी, आणि ती वाकडी नव्हती.

उतरताना तिनं खालची वाट सांगितली. दोन दिवसांनी दगडांची रांग लागेल, पाणी तिथे आवाज करतं. जिथे पाणी जिभेसारखं गुळगुळीत दिसेल तिथूनच जायचं, पांढऱ्या फेसाकडे जायचं नाही. मी विचारलं, मावशी, त्याच्या पुढे काय आहे? ती म्हणाली, "म्या नाही पाह्यलं व. सासरा सांगे तेवढंच मले मालूम." मग काठाकाठानं चालत आपल्या जाळ्याकडे गेली. आम्ही तिला ज्वारी देऊ केली होती, ती घेतली नाही. वाटेत लागेल म्हणाली.

पुढचे दोन दिवस मी कधी विसरणार नाही. नाव चालली की डोकं मोकळं होतं. मी पाण्याचे रंग ओळखायला शिकले, कुठे खोल, कुठे रेती, कुठे खाली दगड. वाऱ्यानं उठलेली लाट आणि दगडानं उठलेली लाट वेगळी असते. वाऱ्याची लाट तुमच्यासोबत चालते, दगडाची एकाच जागी उभी राहते. हे मला कोणी सांगितलं नाही, मी पाहिलं. शाळा सुटल्यापासून असं एकामागून एक काही कळत गेलं नव्हतं. मला भीती होतीच, पण भीती वाटायला आता वेळ कमी मिळत होता.

मग दगडांचा आवाज आला. दुरून तो आवाज सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रासारखा वाटला, एकसारखा घरघर. मालक समोर उभे राहिले. मी पाण्यात जीभ शोधत होते आणि ती दिसलीही, दोन काळ्या दगडांच्या मधे, काचेसारखी. मी नावेचं तोंड तिकडे केलं. आणि त्याच वेळी वल्हं हाताला परकं वाटलं. दांडा जड झाला, मागची बाजू सरकायला लागली. मी काही पाहिलं नव्हतं. मालक माझ्याकडे पाठ करून वाकलेले होते, एवढंच.

मी विचारलं, तुम्ही समोर काय घेतलं? ते म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, एकच पोतं. खाली उतार आहे, तोंड उचललेलं बरं दिसत नाही.

मी आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. पाण्याचा आवाज इतका होता की चढवून उपयोगही नव्हता. मी म्हटलं, "पोतं मागं घ्या. नाही तं म्या वल्हं सोडलं."

"उलार होईन ना व."

"बैल कुठी हायेत?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं चिडतील. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि दगड समोर आलेले असताना तो माणूस हसत हसत पोतं मागे ओढत होता. पोतं माझ्या पायावर येऊन पडलं. वल्हं हलकं झालं. नाव जिभेवर चढली, काही क्षण काहीच ऐकू आलं नाही, दोन्ही बाजूंनी दगड मागे गेले, आणि आम्ही खालच्या संथ पाण्यात होतो. माझे कपडे भिजले होते, पायाचा अंगठा पोत्याखाली ठेचला होता. मालक म्हणाले, पुन्हा वर जाऊन एकदा करून पाहावं वाटते. मी म्हटलं, जा तुम्ही चालत.

त्याच्यानंतर चार दिवसांनी पूल आला. त्याच्या आधीच उजव्या काठावरची बोली बदलली होती. एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता, तो काय विचारतो ते कळेना. त्यानं हातानं विचारलं, कुठे? मी हातानं खाली दाखवलं. त्यानं आणखी खाली दाखवून पुन्हा विचारलं, आणि मीही आणखी खाली दाखवलं. असं आम्ही तीनदा केलं.

पुलाखाली मालकांनी नाव काठाला लावली. मी वर रस्त्यावर गेले. काठावर गवत उंच होतं, वर चढताना धाप लागली. रस्त्यावर ट्रक धावत होते, एका ट्रकात कापसाच्या गाठी होत्या. बऱ्याच दिवसांनी घट्ट जमिनीवर उभी राहिले तर जमीनच हलते आहे असं वाटलं. यष्टी किती वाजता आहे ते चहावाल्याला विचारलं. त्यानं सांगितलं, आता येईलच. मी उभी राहिले. आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, चला बाई, बसा लवकर. मी त्याला विचारलं, ही नदी इथून पुढे कुठल्या गावाकडे जाते? तो म्हणाला, मी रस्त्याचा माणूस, मले काय विचारता, आणि घंटी मारली. यष्टी गेली.

खाली आले तर मालकांनी माझी पेटी काढून रेतीवर ठेवली होती. वर माझं लुगडं घडी करून ठेवलेलं. ते दिलेला शब्द पाळत होते, तोंड दुसरीकडे करून. मी आधी नावेकडे पाहिलं. मागची पेटी निघाली होती, आणि नावेचं नाक पाण्यात खाली झुकलं होतं.

"पेटी काहून काढली? धुरजड झाली ना नाव."

त्यांनी पेटी उचलली आणि माझ्या पायाशी होती तिथेच ठेवली. मग मान तिरपी करून पाहिलं, आणि एक बोटभर मागे सरकवली.

आम्ही संक्रांतीच्या आत पोहोचलो. पुढच्या नद्यांचं लिहायला बसले तर ही वही पुरणार नाही. आता या उताऱ्यावर माणसं चढताना मीच सांगते कोणी कुठे बसायचं, आणि इथली माणसं तेलुगूत कुरकुर करत का होईना, ऐकतात. पण मावशीचं मात्र तसंच राहिलं. त्या दगडांच्या खाली काय आहे ते तिनं कधी पाहिलं नाही, आणि आम्ही पाहिलं ते तिच्यामुळे. मावशी, तू असशील तर मी येईन. आधी तुझं नाव विचारीन. मग तुझ्याच डोहातून तुझ्याच लोकांच्या नावेत तुला मधोमध बसवीन, दगडांमधून खाली नेईन, आणि सासऱ्यानं न सांगितलेली सगळी नदी तुला दाखवून आणीन. मागचं वल्हं मी धरीन.